पश्चिमेचा पट्टा बंद आहे

विभा मूळची कराडची. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो विसाव्या वर्षी, कॉलेजच्या सहलीत, आणि मग त्याने तिची पाठच सोडली नाही. पीएचडीसाठी केनियाच्या किनाऱ्यावरच्या एका गावात ती दोन वर्षं राहिली. ऑक्टोपस पकडणाऱ्या बायकांबरोबर ओहोटीला गुडघाभर पाण्यातून हिंडली, मोडकीतोडकी स्वाहिली शिकली. पोस्टडॉक म्हणून जपानात सेंदाईला आली तेव्हा तिच्याकडे सामान थोडं होतं आणि हट्ट भरपूर.

सेंदाईपासून दीड तासावर, बस जिथे संपते तिथे एक छोटी खाडी होती. त्सुनामीत तिथलं समुद्रगवत उपटून गेलं, ते पुन्हा धड रुजलं नाही. माशांच्या पिल्लांना आसरा उरला नाही, चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्याही, दर वर्षी कमी होत गेल्या. विभाचं म्हणणं एवढंच होतं: पश्चिमेचा पट्टा दोन वर्षं बंद ठेवा, तिथे गवताचं बी पेरू. तिसऱ्यांसाठी चिखल खणणं थांबलं तरच रोपं तग धरतील.

मच्छीमार संघाचे अध्यक्ष सातो-सान बहात्तर वर्षांचे. त्यांनी चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"विभा-सान, आमचा संघ माझ्या आजोबांच्या काळापासून ही खाडी सांभाळतोय. केनियातलं आम्हाला काय शिकवता?"

"शिकवत नाही. तिथल्या लोकांनी काय केलं, ते फक्त ऐका."

"बघू."

जपानीत काय आणि मराठीत काय, 'बघू' म्हणजे नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी पुढच्या शनिवारी ती पुन्हा बसमध्ये बसली. त्याच्या पुढच्याही.

चार-पाच खेपांनंतर तिच्या लक्षात आलं की आपण चुकीच्या दाराशी उभ्या आहोत. संघाच्या बैठकीला पुरुष बसतात, पण ओहोटीला चिखलात वाकलेल्या असतात त्या बायका. त्या शनिवारी ती कार्यालयात गेलीच नाही. गमबूट चढवले आणि थेट चिखलात उतरली.

"पाय न रुतवता चालायला कुठे शिकलात?" सातो-सानच्या पत्नीने, हारुए-सानने विचारलं.

"केनियात. तिथे किनारा कधी बंद, कधी खुला, ते बायकाच ठरवतात."

हारुए-सान कंबरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या. "त्यांच्याशी बोलता येईल?"

पंधरा दिवसांनी हारुए-सानच्या स्वयंपाकघरात सात बायका लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसल्या. दुपारचे तीन वाजले होते. केनियात सकाळ होती. पडद्यावर मवानाइशा, तिथल्या ऑक्टोपस पकडणाऱ्या बायकांच्या गटाची पुढारीण. विभा मध्ये बसून दोन्हीकडचं बोलणं भाषांतर करून सांगत होती.

हारुए-सानने आढेवेढे न घेता विचारलं, "बंदी असताना कुणी चोरून पकडलं, तर?"

मवानाइशा हसली. "पकडलं ना. माझ्याच दिराने. आम्ही त्याचा भाला काढून घेतला आणि हंगामभर त्याला पाण्यात उतरू दिलं नाही. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत."

"मग?"

"मग किनारा खुला झाला त्या दिवशी पहिली टोपली त्यांच्या दारात नेऊन ठेवली. पुढच्या वर्षी राखणीला दीरच उभा राहिला."

सातो-सान दारात कधी येऊन उभे राहिले, कुणालाच कळलं नाही. हारुए-सान त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "पश्चिमेचा पट्टा आम्ही खणणार नाही. संघाने काय ते कागदावर लिहावं."

संघाने लिहिलं. बायकांनी बी पेरलं. सप्टेंबरच्या वादळाने त्यातली निम्मी रोपं ओरबाडून नेली, आणि पुरुषांच्या बैठकीत "सांगितलं होतं" असा सूर निघाला. त्याच सुमारास विभाचं कंत्राट संपत आलं. नागोयाहून चांगल्या नोकरीचं पत्र आलं होतं. ते तिने तीन दिवस टेबलावर ठेवलं, दहादा वाचलं. चौथ्या दिवशी तिने नाही म्हणून कळवलं. विद्यापीठात अर्धवेळ शिकवणं पत्करलं आणि बायकांबरोबर नव्याने बी गोळा करायला लागली.

दुसऱ्या पेरणीची मुळं चिखलात घट्ट बसली. दोन वर्षं भरली त्या वसंतात त्यांनी ओहोटीला मोजणी केली. चिखलावर ठेवलेल्या मोजणीच्या एका चौकटीत पूर्वी तीन तिसऱ्या मिळायच्या, आता एकोणीस मिळाल्या. गवतातून बोटभर मासे सुळकन निघून गेले.

"आता उघडू या," सातो-सान म्हणाले. "ठरल्याप्रमाणे."

बायकांनी आपसात बोलून घेतलं. विभा बाजूला होऊन मोजणीची चौकट धुऊ लागली. निर्णय तिचा नव्हताच.

"निम्मा उघडू," हारुए-सान म्हणाल्या. "गवताकडचा निम्मा बंदच राहील. आणि पूर्वेचा एक तुकडाही बंद करायचाय."

सातो-सानने डोकं खाजवलं, मग खिशातून पेन्सिल काढली. "पूर्वेचा कुठला, ते नीट दाखवा. नकाशावर काढायला हवं."

भरती चढायला तासभर होता. सगळे पूर्वेकडे चालू लागले.