ड्रायव्हर साइडची भिंत

ती घटना मी विसरावी म्हणून पुष्कळांनी पुष्कळ खटपट केली. बहुतेक म्हणूनच ती मला जशीच्या तशी आठवते. मी खात्यात शिपाई म्हणून लागले, खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले, आणि निवृत्तीच्या आधी जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण आजही लग्नाकार्यात कुणी भेटलं की विचारतं ते हेच, "मॅडम, त्या जपानी गाडीचं काय झालं हो?" तर सांगते. नाव कुणाचं घेणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि त्यांना कळलं तर माझी काही हरकत नाही.

सकाळची हजेरी नुकतीच आटपली होती. कुंभार पिंपळगावच्या बाजूच्या एका खेड्यातून एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, डोक्यावर ओढणी, चप्पल धुळीनं पांढरी. गावात त्यांना सगळे आपा म्हणत, म्हणून मीही म्हणते. ठाणे अंमलदारासमोर त्या बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"काय चोरीला गेलं म्हन्ता, आपा?"

"गाडीचा डॅशबोर्ड आन स्टिअरिंग."

"आन गाडी?"

"गाडी हाय की जागेवर."

"मंग गाडी सोडून चोरानं नुसतं स्टिअरिंग नेलं? येडा हाय का चोर?"

"चोर येडा न्हाई, बाबा. तू लिहून घे जल्दी, मंग हस."

आतल्या खोलीत मला हे ऐकू येत होतं. मी त्यांना आत बोलावलं आणि तक्रार स्वतः ऐकली.

आपांचे मालक कुवेतला गॅरेजात होते. परत येताना त्यांनी तिथून एक जपानी स्पोर्ट्स कार जहाजानं आणली होती. दोन दारांची, बसकी, लांब नाकाची. कुवेतची गाडी म्हणजे स्टिअरिंग डाव्या हाताला. मालक गेले आणि गाडी शेडात ताडपत्रीखाली उभी राहिली. उन्हाळ्यांनी डॅशबोर्ड तडकला, उंदरांनी वायरी खाल्ल्या. दिरांचं म्हणणं एकच, भंगारात घाला आणि जागा मोकळी करा. आपा म्हणाल्या, गाडी चालू करीन आणि मीच चालवीन. शेवटी घरात असं ठरलं की हा कापसाचा हंगाम संपेपर्यंत चालू झाली तर राहील, नाहीतर विकायची. घेणारा तयारच होता. जुन्या गाड्यांचा एक दलाल शेडाच्या चकरा मारत होता.

हाच दलाल आपांना सुटे भागही आणून द्यायचा. पहिला डॅशबोर्ड आणला तो कुठल्यातरी शहरात फायबरचा साचा मारून बनवलेला. आपांनी परत केला. दुसरा खरा जपानी, पण उजव्या हाताच्या गाडीचा. परत. तिसरा डाव्या हाताचाच होता, कंपनीचाच होता, पण अमेरिकेतल्या गाडीचा. त्याच्या स्पीडच्या घड्याळात मैलांचे आकडे होते.

दलाल म्हणाला होता, "आपा, आकड्याचं काय घेऊन बसल्या? तुमच्या गावात कोन बगतंय?"

"मी बगते ना!"

"अवो, सारखंच दिसतंय की."

"सारखं दिसतंय म्हनून शेजारनीचा नवरा घरात घेऊ का मी?"

हे मला सांगताना त्या स्वतःच हसल्या, आणि दाराशी उभा असलेला आमचा रायटर, म्हणजे ठाण्याची लिखापढी करणारा हवालदार, लाजून बाहेर गेला. शेवटी कुवेतमधल्या मालकांच्या एका दोस्तानं तिथल्या मोडीच्या बाजारात शोध घेतला, फोनवर व्हिडिओ दाखवला, मागच्या बाजूचा नंबर वाचून दाखवला, आणि गावाकडं येणाऱ्या एका माणसाबरोबर डॅशबोर्ड गोधडीत बांधून पाठवला. त्याच सालचा, डाव्या हाताचा, किलोमीटरचा. आपांनी तो बसवून घेतला. वायरी जोडायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. आठवडी बाजाराच्या दुपारी त्या बाजाराला गेल्या, आल्या तर गाडीच्या छातीला भगदाड.

मी रायटर आणि दोन पंच घेऊन शेडात गेले. गाडी डाव्या अंगानं भिंतीला अगदी चिकटून उभी होती. त्याच आठवड्यात, चोरीच्या आधी, कापूस उतरवायला जागा पाहिजे म्हणून घरातल्यांनी ती ढकलून भिंतीला लावली होती. एरवी ती शेडाच्या मधोमध असायची. रायटरनं पंचनाम्यात लिहिलं, "क्लीनर साइडला भिंत असून सदर बाजूचा दरवाजा उघडत नाही." आमच्याकडं गाडीची डावी बाजू म्हणजे क्लीनर साइड आणि उजवी म्हणजे ड्रायव्हर साइड. ट्रक असो, जीप असो, गॅरेजवाल्यापासून आरटीओपर्यंत सगळे असंच बोलतात. आपा तेव्हा आत चहा करत होत्या. पंचांनी सह्या केल्या, मी केली.

सुगावा लागला तो बाजारातच. आमच्या एका खबऱ्यानं सांगितलं, "म्याडम, बाजाराच्या दिवशी दुपारी एक पिकअप मंठ्याच्या अंगाला गेल्ता. गोधडीत गुंडाळलेलं लांबलचक कायतरी व्हतं. मला वाटलं मयत हाय. मंग बगतो तर मोहरं दलालाचा मानूस बसलेला."

दलालाला समजपत्र काढून बोलावलं. पांढरे कपडे, बोटात अंगठ्या, खिशात दोन फोन. आल्या आल्या त्यानं एका पुढाऱ्याचं नाव घेतलं. पोलिसात इतकी वर्षं काढल्यावर एक सांगते, निर्दोष माणूस ठाण्यात आला की आधी पाणी मागतो, दुसरा आधी ओळख सांगतो. पण ओळख सांगणं हा काही पुरावा नाही.

त्याचं म्हणणं होतं, "तिसरा माल परत आला तवापासून मी त्या शेडात पाय ठेवला न्हाई. सहा महिने झाले असतील. बिलकुल न्हाई."

मी दरडावलं नाही. आपला धंदा ज्याला चांगला येतो त्याला दरडावू नये, त्याला शिकवायला लावावं. मी म्हटलं, "मला गाड्यांतलं काही कळत नाही हो. एवढा मोठा डॅशबोर्ड दाराबाहेर निघतो तरी कसा?"

झालं, गडी खुलला. आधी स्टिअरिंग सोडायचं, मग खालचे बोल्ट, मग डॅशबोर्ड तिरपा करून ओढायचा. बोलता बोलता म्हणाला, "आन तिथं तर ड्रायव्हर साइडला भिंत, म्याडम. तिकून न्हाई निघत. दुसऱ्या दारानंच काढावा लागतो."

रायटरनं शब्द न् शब्द टिपला. दलाल बाहेर जाऊन बसल्यावर तो मला हळूच म्हणाला, "मॅडम, हा त्यातला न्हाई वाटत. भिंत क्लीनर साइडला हाय, हा ड्रायव्हर साइड म्हनून राह्यला. यानं शेड बगितलंच न्हाई."

मलाही ते बरोबर वाटलं, आणि नुसत्या खबरीवर कुणाला धरता येत नाही. आम्ही दलालाला घरी जाऊ दिलं.

त्याच दिवशी वरून फोन आला. साहेबांचा आवाज गोड होता. "बाई, जुन्या गाडीचं डबडं ते. फार ताणू नका. 'अ' समरी पाठवून द्या." 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही. फाइल बंद. मी "बघते, सर" म्हटलं. आमच्या खात्यात "बघते" हा शब्द फार उपयोगी आहे. त्याचा अर्थ होही होतो, नाहीही होतो.

दुसऱ्या दिवशी आपा विचारायला आल्या. सोबत त्यांचे धाकटे दीर होते, ते आल्यापासून "चला भाभी, पुरे झालं" एवढंच म्हणत होते. दलालानं त्यांच्याकडं निरोपही धाडला होता, आता गाडीत राहिलंय काय, लोखंडाच्या भावानं देऊन टाका. मी आपांना बसवलं आणि सांगितलं की दलालावरचा संशय टिकत नाही, तो भिंतच उलट्या बाजूला सांगतो.

"कोन्त्या बाजूला म्हन्ला?"

"ड्रायव्हर साइडला."

आपांनी माझ्याकडं बघितलं, रायटरकडं बघितलं. "मंग बराबरच हाय की! माझ्या गाडीत ड्रायव्हर कुठं बसतो? डाव्या अंगाला. भिंत कुठं? डाव्या अंगाला. तुम्ही काय लिवलं?"

रायटरनं खाली मान घालून पंचनामा वाचला. क्लीनर साइड.

"क्लीनर?" आपा उसळल्या. "माझ्या मालकाची गाडी काय वीटभट्टीचा ट्रक हाय का रे?"

 माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. दलालानं त्या गाडीचे भाग शोधले होते, त्याच्या जिभेवर डावी बाजू म्हणजे ड्रायव्हर साइडच येणार. म्हणजे त्यानं भिंत बरोबर सांगितली होती. आणि गाडी भिंतीला लागली होती चोरीच्या आठवड्यात. सहा महिने शेडात पाय न ठेवलेल्या माणसाला ती भिंत दिसली कुठून?

दलालाला पुन्हा बोलावलं. या वेळी त्याच्या मागे पुढाऱ्याची माणसंही आली आणि व्हरांड्यात उभी राहिली. मी दार उघडंच ठेवलं. ऐकू दे म्हटलं. त्याचाच जबाब त्याला वाचून दाखवला आणि विचारलं, "ही भिंत तुम्ही कधी बघितली?"

"मी... कुनीतरी सांगितलं असंल."

"कुणी? नाव सांगा, त्यालाही बोलावते."

तो घाम पुसायला लागला. व्हरांड्यातून एक जण ओरडला, "बाई, एका स्टिअरिंगसाठी मानसाला किती छळता?" मी उठून बाहेर गेले. म्हटलं, "स्टिअरिंग एकच आहे, म्हणूनच. शंभर असती तर कुणीही चोरलं नसतं." परत आत आले तर दलालानं पाणी मागितलं.

पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात उभा राहत नाही. उभी राहते ती निघालेली वस्तू. म्हणून पंच बोलावले, निवेदन पंचनामा केला, म्हणजे माल कुठं दाखवतो ते त्याच्याच शब्दांत पंचांसमोर लिहून घेतलं, आणि दलालानं दाखवलेल्या जागी गेलो. मंठा रोडला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडात डॅशबोर्ड होता. कुवेतहून आलेल्या त्याच गोधडीत. चोरी कशासाठी, तर आपांचा धीर सुटावा आणि गाडी लोखंडाच्या भावात मिळावी. मागून हाच डॅशबोर्ड बसवून तो ती मोठ्या गिऱ्हाइकाला विकणार होता.

पण स्टिअरिंग तिथं नव्हतं. मी बोलावल्याचं कळताच त्याचा माणूस घाबरला आणि त्यानं ते जालन्याला भंगाराच्या यार्डात टाकलं. जालन्यात लोखंड यार्डात गेलं की दुसरा मुक्काम भट्टी. आम्ही पोहोचलो तेव्हा चुंबकाची क्रेन ढीग उचलून ट्रकमध्ये टाकत होती.

मी मॅनेजरला म्हटलं, "क्रेन बंद करा."

"म्याडम, भट्टी थांबत न्हाई कुनासाठी. खर्चा कोन देईल?"

"मग माझ्यासकट उचला," असं म्हणून मी ढिगाऱ्यापुढं जाऊन उभी राहिले. क्रेनवाल्यानं मॅनेजरकडं बघितलं, मग माझ्या वर्दीकडं, आणि इंजिन बंद केलं. शिपायांनी ढीग उपसला. स्टिअरिंग निघालं, दांडा जरा वाकलेला, आणि मधलं हॉर्नचं गोल बटण गायब.

पंधरवडाभरानं माझी बदली झाली, कंट्रोल रूमला. कारण लिहिलं होतं "प्रशासकीय". जाण्याआधी दोषारोपपत्र मी माझ्या सहीनं पाठवलं. मुद्देमाल कोर्टाच्या हुकमानं, खटला संपेपर्यंत सांभाळायच्या अटीवर, आपांना सुपूर्तनाम्यावर मिळाला. हंगाम संपायच्या आत त्यांनी गाडी चालू केली, धाकट्या दिरांना शेजारी बसवलं आणि घराभोवती दोन फेऱ्या मारल्या. दीर म्हणे खाली उतरले ते ताडपत्रीची घडी घालायला गेले.

या गुन्ह्यानं मला काय शिकवलं? ठाण्यात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द म्हणजे "मिटवून घ्या". गरिबाला सांगतात, बाईला तर आधी सांगतात. सारखंच दिसतंय, घ्या. जुनंच होतं, सोडा. पुष्कळांना हे सांगितलेलं मी ऐकलं आहे, साहेबांच्या तोंडून आणि शिपायांच्याही. पण एखाद्याची वस्तू भंगार आहे की नाही, हे ज्याची वस्तू त्यानं ठरवायचं. पुढाऱ्यानं नाही, साहेबानं नाही, आणि ठाण्याच्या खुर्चीत बसलेल्या माझ्यासारखीनं तर मुळीच नाही. आपण फक्त लिहून घ्यायचं, आणि तेसुद्धा ज्याचं आहे त्याच्या शब्दांत.

एवढ्यासाठी चांगली पोस्टिंग घालवलीस, असं आमच्या घरातले अजून म्हणतात. घालवली. बरं केलं.

खटला अजून चालू आहे. साक्षीला तारीख लागली की मी एसटीनं जाते. मागच्या तारखेला दलालाच्या घरचा एक माणूस कोर्टाच्या आवारात आपांना भेटला. म्हणाला, हॉर्नचं बटण आमच्यापाशी हाय, असली, तुमच्याच गाडीचं. तक्रार काढून घ्या, बटण घेऊन जा. ते बटण दुसरीकडं कुठं मिळत नाही, हे आपांना माहीत होतं. तीन वेळा माल परत करणारी बाई ती. मी मधे पडले नाही, म्हटलं हा निर्णय त्यांचा.

आपांनी ओढणी सारखी केली. "ठिव तुझ्यापाशी," त्या म्हणाल्या. "कुनी आडवं आलं तर तोंड हाय मला."