पुरानंतरची वाळू

"रुका जरा! इथं काहीतरी आलंय!" म्हणत मॅडम भर रस्त्यात उकिडव्या बसायच्या. देवास गेटला बस सुटायला आलेली असो, की क्षिप्रेचा पूर ओसरून राम घाटावर गाळ धुण्याची धांदल चाललेली असो. चष्मा कपाळावर आणि नाक जमिनीला. आमच्या उज्जैनच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली नवखा.

तुम्ही त्यांना बाडमेरच्या वाळवंटात पाहायला हवं होतं! तिथल्या एका मेंढपाळाच्या जमिनीचा तुकडा बघायला त्या दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन जायच्या. एका पावसाळ्यात तिथं अचानक पूर आला. हिवाळ्यात आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या ओळखीची झुडपं, गवत, सगळं वाहून गेलं होतं. मला वाटलं, आता रडतील.

त्यांनी टाळीच वाजवली. "अरे, आता पहिल्यापासून बघायला मिळणार!"

मेंढपाळ मात्र ट्रॅक्टर ठरवून बसला होता. "बहनजी, सब मर गया. कल जोत देंगे."

"भैया, रुको तो सही." वाळूवर जळल्यासारखा काळपट पापुद्रा धरला होता. मॅडमनी त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. आम्ही सगळे वाकलो. बघता बघता त्या काळ्यात हिरवी झाक उतरली! मुलं ओरडलीच.

मेंढपाळानं बोट लावून पाहिलं. "ये तो ज़िंदा है!"

"हे शेवाळच वाळू बांधून ठेवणार," मॅडम आम्हाला सांगत होत्या, नाचायच्याच बाकी होत्या. "मग गवत, मग झुडपं!" आणि त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "जोतोगे तो सब उड़ जाएगा."

ट्रॅक्टर आलाच नाही.

पुढच्या हिवाळ्यात विरळ गवत दिसलं, त्याच्या पुढच्यात दाट सेवण गवत. जीप थांबायच्या आत साठी उलटलेल्या बाई उडी मारायच्या! फोगाच्या झुडपाचं पहिलं वीतभर रोप सापडलं, तेव्हा बारशाला आल्यासारख्या त्याच्याभोवती फिरल्या. आम्हा सगळ्यांना पेढे वाटले, मेंढपाळाला दोन.

फोग कमरेएवढा झाला, त्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या.

यंदा मुलांना मी घेऊन गेलो. फोगाच्या बुडाशी ताजं उकरलेलं बीळ होतं, तोंडाशी इवल्याइवल्या पावलांचे ठसे.

"सर, किसका है?" मुलांनी एकदम विचारलं.

सवयीनं मी विचारायला मागे वळलो. मागे मेंढपाळ एकटाच उभा होता.