सोबावाल्यांना एकही बेट मिळालं नाही

जपानी साहेबांना इंग्लंडच्या नगरपालिकांचे निकाल समजावून सांगायचे आणि त्याचा पगार घ्यायचा, अशी नोकरी असते हे माझ्या माहेरी आजही कुणाला पटत नाही. टोकियोतल्या एका व्यापारी कंपनीत माझं तेच काम होतं. लंडनच्या शाखेत काही वर्षं काढली होती, म्हणून ब्रिटन माझ्या गळ्यात पडलं.

जपानमधल्या २०११च्या मोठ्या भूकंपाला दोनेक वर्षं झाली होती. भूकंप झाला तेव्हा टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या आमच्या इमारतीतली बरीच भारतीय कुटुंबं सामान बांधून गेली. आम्ही हट्टाने राहिलो. मुलगी इथल्या शाळेत रुळली होती, मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर द्यायची. पण नवऱ्याचं नागोयाचं पोस्टिंग संपत आलं होतं आणि माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते साहेबांच्या हातात होतं. माझी नोकरी गेली की आमचा जपानचा मुक्काम संपला, इतकं ते सरळ होतं.

मे महिन्यात तिकडचे निकाल आले. कंपनीला इंग्लंडमध्ये मोठं गोदाम घ्यायचं होतं, आणि युरोपशी इंग्लंडचं आहे तसंच छान चालू राहील, एवढंच वरच्या मजल्याला ऐकायचं होतं. युरोपातून बाहेर पडा म्हणणाऱ्या एका छोट्या पक्षाला मतं भरपूर पडली होती, पण जागा त्या मानाने अगदीच कमी. मी अहवालात लिहिलं, "नुसत्या जागा मोजू नका. मोठे पक्ष घाबरतील आणि याचीच भाषा बोलू लागतील." साहेबांनी ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, "जागा कमी. दुर्लक्ष करण्यास हरकत नाही." खाली सहीऐवजी माझा शिक्का हवा होता, इथली पद्धतच ती.

मग मी खास आपल्याकडचा घोळ घातला. भर बैठकीत तोंड उघडलं. जपानी ऑफिसात बैठक भरते ती ठरलेलं जाहीर करायला. ठरवाठरवी आधीच एकेकाच्या टेबलाशी जाऊन उरकलेली असते. त्याला नेमावाशी म्हणतात. मला ते ठाऊक होतं, पण राग आला की मला ठाऊक असलेलं काहीच आठवत नाही.

"यंदा लंडनमध्ये मतदानच नव्हतं," मी म्हणाले. "बहुतेक मोठी शहरं बाहेर होती. अर्ध्यामुर्ध्या देशावरून अख्खा देश शांत आहे असं कसं लिहायचं?"

सगळे आपापल्या चहात बघू लागले. साहेब म्हणाले, "हे जरा अवघड आहे." म्हणजे नाही, आणि पुन्हा विचारूही नका.

घरी फोनवर नवरा म्हणाला, "अगं, मार शिक्का आणि मोकळी हो. एका वाक्यासाठी घर हलवणारेस का?"

"हलवू," मी म्हणाले. "पण जे मला पटत नाही त्यावर माझा शिक्का बसणार नाही."

बोलले खरी. मग फोन ठेवला. मुलीचं दप्तर दारात पडलेलं होतं, त्याच्याकडे बघवेना. पण सकाळी मेट्रोच्या तोझाई लाइनच्या गर्दीत उभी असताना मनाशी पक्कं केलं, की वाक्य तेच राहील. पटवायची रीत मात्र या जपान्यांची वापरायची.

शुक्रवारी आमचा विभाग एकत्र जेवायला जायचा. ऑफिसात टेबलं एकमेकांना जोडून बेटं केलेली होती. मी बेटाबेटावर फिरले. "आज मतदान, इंग्लंडसारखं. करी की सोबा? ज्या बेटावर ज्याची मतं जास्त, ते बेट त्याचं." सोबा म्हणजे जपानी थंड शेवया. लोक हसले, पण मतं दिली. प्रत्येक बेटावर सोबावाले होते आणि प्रत्येक बेटावर ते थोडक्यात हरले. सगळी बेटं करीची झाली. साहेब पक्के सोबावाले. निमूटपणे चमच्याने करी खात बसले, आणि मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

पुढे काय होईल याची मला खात्री नव्हती. मी आठवडाभर गप्प राहिले. शिक्का ड्रॉवरमध्येच होता.

पुढच्या शुक्रवारी करीवाल्यांपैकीच एक जण उठला. मागच्या शुक्रवारी करीचा सगळ्यांत जास्त प्रचार केलेला तोच. म्हणाला, "आज त्या कोपऱ्यावरच्या सोबाच्या दुकानात जाऊ. तिथे करीही मिळते. उगाच कुणी नाराज नको." त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या करीवाल्यांनीही माना डोलावल्या.

दुकानात साहेबांपुढे सोबाचं ताट आलं. त्यांनी चॉपस्टिक उचलल्या, थांबले, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"आम्हाला एकही बेट मिळालं नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं," मी म्हणाले.

ताट रिकामं करून बाजूला सारत ते म्हणाले, "तुमचं वाक्य होतं तसं घाला. वर मी बोलून ठेवतो."

म्हणजे आता ते स्वतः वरच्या मजल्यावर टेबलाटेबलाशी जाणार होते. इथे शहाण्या बाईने आभार मानून गप्प बसावं. मी विचारलंच, "आणि माझं कॉन्ट्रॅक्ट?"

साहेबांनी सावकाश चहाचा घोट घेतला.

"पुढच्या मे महिन्यात लंडनमध्ये मतदान आहे ना?" ते म्हणाले. "मग ते मला कोण वाचून दाखवणार?"