मावशीच्या गावाला जायचा महिना

आई-आप्पांनी नेपाळला कधी जायचं, यावरून आमच्या घरात एक अख्खा हिवाळा वाद चालला होता. खरं तर वाद माझा आणि आईचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं बोलायचे आणि मग गुरांना पाणी दाखवायला उठून जायचे.

मी लग्न होऊन खालापूरला आलेली. इथल्याच एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. माहेर पोशीरचं. भातशेती, दोन म्हशी आणि कौलारू घर. आई-आप्पा पंढरपूर-तुळजापूर सोडलं तर कुठे गेलेले नव्हते. अशा घरात नेपाळ शिरला तो मावशीमुळे.

ही मावशी आईची बहीण नव्हे. आमच्या शेताला लागून मुंबईच्या एका शेठचं फार्महाऊस होतं. तिथला वॉचमन नेपाळी होता आणि मावशी त्याची बायको. पहिल्यांदा ती आमच्याकडे दूध न्यायला आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं आणि आईला हिंदी. दोघींनी हातवाऱ्यांवर भागवलं. दोन वर्षांत मावशी अशी बोलायला लागली की फाटकाबाहेरून आवाज ऐकला तर शेजारचीच कोणी वाटावी. "ताई, हायेस का गं घरात?" म्हणत ती यायची आणि चुलीपाशी बसायची. तिला मुलं नव्हती. माझ्या लग्नात हळद लावायला ती सगळ्यांत पुढे होती.

एका जुलैत आप्पा ओल्या बांधावरून घसरले आणि त्यांची नडगी मोडली. ऐन लावणीचे दिवस. चिखलणी झालेली, रोपं हातभर वाढलेली आणि लावायला माणूस नाही. एरवी कशेळ्याकडच्या वाड्यांवरून बाया टेंपोने यायच्या, पण त्या आठवड्यात सगळ्यांचीच लावणी एकदम आली होती. मी बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना, वाकताही येत नव्हतं. आई एकटीच शेतात उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मावशी लुगड्यासारखा कासोटा मारून तिच्या शेजारी उभी.

"तुला येतंय का गं?" आईने विचारलं.

"मी कुटली हाय ताई? भाताचीच ना?"

अकरा दिवस ती आली. तिचा हात आईपेक्षा चपळ होता. रोपांची मूठ डाव्या हातात, उजव्या हाताच्या तीन बोटांनी रोप खोचायचं आणि मान वर करायची नाही. काम करताना बारीक आवाजात तिच्या भाषेतलं काहीतरी गायची. आप्पा पायाला प्लास्टर घालून पडवीतल्या खाटेवर पडलेले. ते मला म्हणाले, "ही बाई नस्ती तं यंदा शेत पडीकच ऱ्हायलं असतं."

पुढे चार वर्षांनी तिच्या सासऱ्यांना अर्धांग झाला. तिकडची शेती बघायला कोणी नव्हतं, म्हणून ती दोघं कायमची परत गेली. निघताना नेरळ स्टेशनवर आईने तिच्या पिशवीत इतके पोह्याचे पापड कोंबले की पिशवीचा बंद तुटला. त्यानंतर दोघींचं बोलणं आप्पांच्या मोबाइलवर, व्हिडिओवर. मावशी फोन फिरवून दाखवायची, "बघ ताई, माज्या अंगणातून हिमाल." पडद्यावर काहीतरी पांढरं हलायचं. आई चष्मा पुसून बघायची आणि म्हणायची, "दिसला दिसला." मला माहीत होतं, तिला काही दिसत नव्हतं.

म्हणून मी ठरवलं, आईला तो डोंगर नीट दाखवायचा.

मी माहिती काढली. कर्जतला स्टेशनबाहेर यात्रा काढणारे एक गृहस्थ बसतात, त्यांनाही भेटले. ते म्हणाले, "ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस गेलेला असतो, हवा स्वच्छ, शिखरं हाताला लागतील अशी दिसतात. ते जमत नसेल तर मार्च-एप्रिल, तेव्हा डोंगरभर लाल फुलं असतात. डिसेंबर-जानेवारीत तुमच्या आई-वडिलांना थंडी सोसणार नाही."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात कोण जातं ताई? ढगांत काय दिसणार?"

रविवारी मी पोशीरला जाऊन हे सगळं सांगितलं. आप्पांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं उलटून म्हणाले, "कापनी. मग झोडनी." जानेवारीत वाल उभा. मार्चमध्ये रोपांच्या जागेवर राब भाजायचा, एप्रिलमध्ये माझ्या चुलत भावाचं लग्न. शेवटी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवून ते म्हणाले, "आपल्याला मोकला म्हयना नायच."

आईने त्याच दिवशी मावशीला फोन लावला. "कवा येऊ गं तुज्याकडं?"

मावशीने विचारसुद्धा केला नाही. "असारात ये."

असार म्हणजे आपला आषाढ, थोडा पुढे-मागे. म्हणजे बरोबर तोच महिना, जो त्या यात्रावाल्यांनी हसून उडवून लावला होता.

माझं डोकंच फिरलं. मी आईला समजावलं, की आयुष्यात एकदाच एवढ्या लांब जाणार, तर तो डोंगर दिसायला नको का? या वर्षी कापणीला माणसं लावू, मी चार दिवस सुट्टी काढून इथे राहीन. पुढच्या रविवारीही तेच बोलले, त्याच्या पुढच्याही. आप्पाही एकदा माझ्या बाजूने बोलले. पावसात आमच्याकडे मुंबईची पोरं डोंगर चढायला येतात, त्यांना ते नेहमी हसायचे. "डोंगर बघाया येतात नि धुकं बघून जातात. आता आपन पन तसंच करायचं का?"

आई वाल सोलत होती. मान खाली ठेवूनच म्हणाली, "तुमी डोंगर बघाया चाललाय. मी तिला भेटाया चाललेय. असारात तिची लावनी असते. ती माज्या लावनीला आली व्हती का नाय?"

आप्पा उठून म्हशींकडे गेले, आणि पाचच मिनिटांनी परत आले. "राब पेरला की रोप तयार व्हायला बावीस दीस," ते म्हणाले. "तेवड्यात जाऊन येऊ."

असं ते ठरलं. जूनच्या सुरुवातीला पेरा झाला, रोपं दोन बोटं वर आली तशी म्हशी शेजाऱ्यांच्या हवाली केल्या आणि आम्ही तिघं कल्याणहून गोरखपूरच्या गाडीत बसलो. माझ्या लेकीला सासूबाईंकडे ठेवलं. गोरखपूरहून सीमेपर्यंत बस, आणि सीमेपलीकडून पोखऱ्याची बस.

दुपारी घाटात दरड कोसळली होती आणि बस पाच तास एका जागी उभी राहिली. बाहेर पाऊस, आत कोंबड्यांची एक टोपली आणि चाळीस माणसं. माझा संताप संताप झाला. "सांगत होते ना मी? ऑक्टोबर म्हटलं होतं ना?" आई तोवर खाली उतरून रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईपाशी जाऊन आली होती. तिने माझ्या हातात एक कणीस दिलं. "खा. आपल्या घाटात दरडी पडत नायत का गं?" आप्पा खिडकीतून दरीतली शेतं बघत होते. म्हणाले, "आपलं एक खाचर म्हंजे यांची वीस. ताटायेवडी हायेत बघ."

मावशीचं गाव पोखऱ्याहून वर, जीपने तासभर. वळणावर एक छत्री दिसली. मावशी तिथे सकाळपासून उभी होती, हे नंतर काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने सांगितलं. जीप थांबायच्या आधीच आई दार उघडायला लागली. दोघी एकमेकींना धरून रस्त्यातच उभ्या राहिल्या आणि छत्री उलटी होऊन बाजूला पडली. आईला रडताना मी फार कमी वेळा पाहिलंय. मावशी तिच्या तोंडावरून हात फिरवत म्हणत होती, "वालली गं तू ताई, किती वालली."

दुसऱ्या दिवशी आई शेतात उतरली. गावातल्या बाया बांधावर जमा झाल्या होत्या. इंडियातून पाहुणी आली आहे आणि ती रोपं लावणार आहे, ही त्यांना मोठी गंमत वाटत होती. एकीने हसत काहीतरी म्हटलं. मावशीने आईला सांगितलं, "ती म्हणते, पावनीचं लुगडं खराब व्हईल." आईने पदर खोचला, मुठी उचलल्या आणि एक ओळ सरळ शेवटापर्यंत लावत नेली. बाया हसायच्या थांबल्या. मग त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी खाली उतरली आणि आईच्या शेजारची ओळ धरून लावायला लागली.

त्यांचं रोप जवळ जवळ, आमचं जरा लांब. आई आणि मावशी त्यावरून दिवसभर भांडत होत्या. आप्पांना त्या पायाने चिखलात उभं राहवत नव्हतं. ते काकांबरोबर बांधावर बसून मुठी बांधत होते. काकांना मावशीइतकं मराठी येत नव्हतं, आप्पांचं हिंदी तसलंच, तरी दोघं भाताच्या जातींवर तासन्‌तास बोलत. मी पहिला दिवस छत्री धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी मलाच लाज वाटली आणि उतरले. पंधरा वर्षांनी पायाला चिखल लागला. संध्याकाळी पोटरीवरून तीन जळवा काढल्या.

असारच्या पंधराव्या दिवशी तिथे सणच असतो. बाया एकमेकींवर चिखल उडवतात, गाणी म्हणतात. आईच्या तोंडावर कोणीतरी ओंजळभर चिखल मारला आणि आई, माझी आई, जी घरी मोठ्याने हसतसुद्धा नसे, ती चिखल घेऊन त्या बाईच्या मागे धावली. दुपारी वाडग्यांत दही आणि पोहे आले. आप्पा खूश. "अगं, हे तं दहीपोहेच! एवड्या लांब येऊन दहीपोहे."

आणि डोंगर? मी रोज पहाटे उठून अंगणात जायचे. समोर पांढरी भिंत. मक्याच्या पलीकडे काही आहे, याची खूणसुद्धा नाही. काका हात वर करून दाखवायचे, "इधर है, इधर," आणि मी त्या रिकाम्या जागेकडे बघत चहा प्यायचे. पाच दिवस असेच गेले.

निघायच्या सकाळी मी बॅग भरत होते. आई आणि मावशी उजाडताच शेवटचं खाचर लावायला गेल्या होत्या. एकदम आप्पांची हाक आली. मी बाहेर धावले. ढग मधोमध फाटला होता आणि त्यात, मी ज्या उंचीवर बघत होते त्याच्याही पुष्कळ वर, ते शिखर उभं होतं. माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं आणि पांढरंशुभ्र. इतकं वर काही असू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"आईला बोलव," आप्पा म्हणाले, आणि मी निघायच्या आत स्वतःच लंगडत बांधावरून खाली निघाले. "अगं, वर बघ! ए, वर बघ ना!"

आई कमरेवर चिखलाचा हात ठेवून सरळ झाली. मान मागे टाकून तिने बघितलं. मावशीही तिच्याशेजारी उभी राहून बघत होती, जणू तिनेही तो आजच पाहिला. चहा निवायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. मग ढग जुळला.

"केवडा गं ह्यो," आई म्हणाली. आणि वाकली, कारण अजून दोन ओळी राहिल्या होत्या.

आम्ही पोशीरला पोचलो तेव्हा आमची रोपं दोन दिवस जास्त झाली होती. आई दुसऱ्याच सकाळी शेतात. त्या वर्षी तिने आमचीही लावणी थोडी जवळ जवळ केली, आप्पांनी कुरकुर केली तरी.

तीन वर्षांनी आई गेली. उन्हाळ्यात आजार निघाला आणि महिन्याभरात संपलं. मावशीला फोन मी केला. ती म्हणाली, "आप्पांना जेवाया घाल गं नीट," आणि तिने फोन ठेवला.

गेल्या वर्षी मी नवरा आणि लेकीबरोबर पुन्हा गेले, या वेळी ऑक्टोबरच्या शेवटी. आप्पा कापणीमुळे आले नाहीत, पापडांचा डबा तेवढा दिला. ते यात्रावाले गृहस्थ खरं बोलले होते. पोखऱ्यात हॉटेलच्या गच्चीवरून सगळी रांग दिसली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चारही दिवस. लेकीने शेकडो फोटो काढले. इतकी स्वच्छ हवा मी कधी पाहिली नव्हती.

पाचव्या दिवशी आम्ही मावशीकडे गेलो. ती शेतात भात कापत होती. केस पुरते पांढरे झालेले. विळा खाली टाकून ती धावत आली आणि आधी लेकीला जवळ घेतलं, मग मला. आईचं नाव दोघींनीही काढलं नाही. तिने आम्हाला जेवायला वाढलं, माझ्या नवऱ्याला आग्रह करकरून, अगदी आमच्याकडच्यासारखं.

संध्याकाळी आम्ही अंगणात बसलो. समोर शिखर केशरी होत चाललेलं आणि नवरा, लेक, काका, तिघंही तिकडे तोंड करून बसलेले. मी सहज बाजूला पाहिलं. मावशी शिखराकडे पाठ करून बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, कधीपासून कोण जाणे.

"नाक ताईचं हाय तुजं," ती म्हणाली.