सर झोपले की पास

परीक्षा घेताना झोपून जाणारे शिक्षक मी आयुष्यात एकच पाहिले. खरात सर. रविवारी दुपारी सांगलीतल्या आपल्या दवाखान्यात ते तपासणीच्या टेबलावर आडवे व्हायचे, डाव्या हाताची बाही कोपराच्या वर सारायचे आणि डोळे मिटायचे. त्या हातावर मनगटापासून वर गेलेला एक जुना, जाड व्रण होता. लष्करात असताना जीप उलटली होती, तेव्हाचा. परीक्षा देणाऱ्याने पोलादी पट्टी मुठीत धरून ऊबदार करायची आणि व्रणाभोवतीचा ताठरलेला भाग हळूहळू मोकळा करत जायचे. जोर जास्त झाला की सर उजव्या हाताची दोन बोटे टेबलावर वाजवत. म्हणजे नापास. हात बरोबर पडला तर त्यांना खरोखरच झोप लागे. झोप लागली की पास.

माझ्या बाबतीत तिसरेच काही होई. थोड्या वेळाने सर एक डोळा उघडून विचारत, "आवं ताई, सुरू केलं का न्हाई अजून?"

सगळे हसत. मीही हसे, पण साताऱ्याला परतताना एसटीच्या खिडकीशी बसून तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकत राही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही सगळे शिकून दवाखाना थाटलेले फिजिओथेरपिस्ट होतो. मालिश, शेक, व्यायाम आम्हाला येत होते. सरांकडे आम्ही जायचो ते पट्टीचे काम शिकायला. सर कोरेगावकडचे. लष्करी रुग्णालयात वर्षानुवर्षे जवानांचे आखडलेले स्नायू अंगठ्यांनी दाबून त्यांचे स्वतःचे अंगठे निकामी झाले होते. चहाची बशी धरतानासुद्धा ते तळहाताचा आधार घेत. मग एका परदेशी मासिकात अशा अवजारांबद्दल वाचून त्यांनी सांगलीतल्या एका लेथवाल्याकडून गुळगुळीत, बाकदार कडेच्या पट्ट्या करून घेतल्या आणि आधी स्वतःच्या हातावर वापरून पाहिल्या. कागदी प्रमाणपत्र ते देत नसत. पास झालेल्याला पट्ट्यांचा एक संच मिळे. त्याआधी पेशंटला पट्टी लावायची नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो मोडायचे धाडस कुणी करत नसे.

पहिला धडा वर्तमानपत्राचा. डोक्याचा एक केस टेबलावर ठेवून सर त्यावर कागद घालत, आणि आम्ही डोळे मिटून पट्टीच्या कडेने तो शोधायचा. मग आणखी एक कागद, आणखी एक. "पट्टी बोलतीया. तुमी गप ऱ्हावा," ते म्हणत. या खेळात माझा हात कुणी धरू शकत नव्हते. सर खूश व्हायचे आणि लगेच म्हणायचे, "कागदावर ताईंचा पयला नंबर. माणसावर मातर पावण्यागत बसत्यात, कडंकडंनं."

माझ्या साताऱ्याच्या दवाखान्यात तेव्हा संपत नावाचा एक जवान येत होता. तोही कोरेगावचा, उसाची शेती असलेल्या घरातला. हाताच्या जखमेचे ऑपरेशन होऊन व्रण आत चिकटला होता, त्यामुळे उजव्या हाताची मूठ पुरती वळत नव्हती. रजा संपली की वैद्यकीय तपासणी होती. मूठ वळली नाही तर पलटणीतून घरी, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याचे लग्न ठरत होते आणि सोयरिकीतल्या लोकांना जावई फौजेतलाच हवा होता. मी पास झालेली नव्हते. म्हणून दर रविवारी मी त्याला सांगलीला घेऊन जाऊ लागले.

सरांनी त्याच्या हातावर पट्टी फिरवली, की तो अस्वस्थ होई. "जोरात घ्या की सर. आमी फौजी हाय. हे गुदगुल्या केल्यागत वाटतंय."

"गड्या, फौजी तू हायस. तुजा हात अजून आजारी हाय," सर म्हणत. पट्टी फिरवून झाली की ते त्याला लगेच मूठ वळायला लावत, चेंडू दाबायला लावत. "पट्टीनं निस्ती वाट मोकळी व्हती. चालायचं तुलाच हाय."

आमच्या भागातल्या माणसांचा एक समज आहे. उपचार दुखला तरच लागू पडला. ऊसतोडीवाला असो की शिपाई, घरी जाऊन दाखवायला अंगावर लाल चट्टा नसेल तर त्याला फुकट गेल्यासारखे वाटते. संपतने एके दिवशी मधल्या वारी परस्पर इस्लामपूर गाठले. आमच्या वर्गातला पवार तिथला. तो पास झालेला, हाताचा चांगला. पण समोरचा जवान सारखा "अजून, अजून" म्हणत राहिला आणि पवार दाबत गेला. रविवारी संपतने बाही वर केली तेव्हा हात काळानिळा होऊन सुजला होता आणि तो मोठ्या अभिमानाने सगळ्यांना दाखवत होता.

सर टेबलावर आडवे झाले, बाही सारली. "पवार, ये रं. ह्याला जसं केलंस तसंच मला कर."

"सर, चुकलं माझं."

"चुकलं-बिकलं न्हाई. कर."

पवारने पट्टी धरली. "दाब," सर म्हणाले. "अजून." आम्ही सरांच्या उजव्या हाताकडे बघत होतो. ती दोन बोटे वाजली नाहीत. कातडी लालबुंद झाली, तरी वाजली नाहीत. शेवटी पवारच रडवेला होऊन मागे सरकला. सर उठले, आपला हात त्यांनी संपतच्या हाताशेजारी ठेवला. "बघ लेका. आता दोगांचं बी सारकंच दिसतंय. वळ आता मूठ."

संपतने मूठ वळून पाहिली. आदल्या रविवारी वळत होती तेवढीही वळेना. त्याचा चेहरा उतरला. "सर, रजा संपत आली वं. आता कसं?"

"आता थांबायचं. सूज उतरू दे. मग पयल्यापासनं," सर म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

पवारने जाताना आपला संच टेबलावर ठेवला. सरांनी तो त्याच्या पिशवीत परत घातला. "ठिवू नगंस. त्वा माणसाचं तोंड ऐकलंस, हात ऐकला न्हाईस. आता न्हाई तसं करणार तू. आजपासनं तुज्यावर माजा जास्त भरवसा हाय."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् तुमी ताई, ह्यातनं उलटं शिकू नगा. दुखंल म्हणून तुमी भीत न्हाई. दुखलं तर माणूस तुमाला काय म्हनंल, म्हणून भिताय."

त्या वेळी मला ते फार लागले. खरे होते म्हणून लागले असावे.

संपतची सूज उतरल्यावर सर कोरेगावला आपल्या भावाकडे राहायला गेले आणि संपतची रजा संपेपर्यंत त्याच्या घरी रोज जात राहिले. सांगलीचा दवाखाना तेवढे दिवस बंद. पुढच्या रजेत संपत माझ्याकडे आला, माझा हात हातात घेऊन त्याने कळ येईल इतका दाबला आणि म्हणाला, "सरांस्नी सांगा, मूठ वळतीया."

त्यानंतर वर्ग फार चालला नाही. सरांच्या हृदयाचे दुखणे बळावले, रविवार सुटत गेले. मी तशीच राहिले, नापास. पट्टीचे पेशंट पवारकडे पाठवत राहिले.

शेवटच्या आजारात त्यांची मुलगी सुजाता हिने मला बोलावून घेतले. मी गेले तेव्हा दुपार होती. बुद्धाच्या तसबिरीखालच्या पलंगावर सर उशांना टेकून बसले होते. धाप लागायची म्हणून आडवे होता येत नव्हते. "बाबांना कित्येक रात्री नीट झोप नाही," सुजाता दारातच म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

सरांनी मला जवळ बसायची खूण केली. मग डावा हात पुढे केला आणि टेबलाच्या खणाकडे बोट दाखवले. पट्टी तिथेच होती.

"सर, आता कशाला?"

"आता न्हाई तर कवा?"

मी पट्टी मुठीत धरून बसले. ती ऊबदार व्हायला वेळ लागला. माझेच हात गार होते. मग सुरुवात केली. सरांची कातडी आता पातळ झाली होती, वर्तमानपत्राच्या कागदासारखी. मनगटाजवळ काही नव्हते. थोडे वर गेल्यावर कडेखाली बारीक खरखर लागली, वाळूवरून काठी ओढावी तशी. एरवी मी तिथून बाजूने निघून जात असे. सरांनी एक डोळा उघडला.

"ताई, सुरू..."

मी त्या जागी थांबले आणि जेवढा हवा होता तेवढा जोर दिला. सरांच्या कपाळाला आठी पडली. उजव्या हाताची दोन बोटे चादरीवरून उचलली गेली. मी त्यांच्याकडे पाहिले नाही. हाताखाली काय लागते आहे तेवढेच ऐकत राहिले. बोटे हळूच खाली टेकली. आवाज झाला नाही.

खरखर मऊ होत गेली. कधीतरी सरांची मान उशीवर कलली आणि श्वास लांब झाला. सुजाता कप घेऊन दारात आली, बापाकडे बघून तिथेच थबकली. तिने कप खाली ठेवला, त्यावर बशी झाकली आणि पावलांचा आवाज न करता परत गेली.

मी हात थांबवला नाही.