काडीवर गुंडाळलेला नारू

मागच्या वैशाखातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळची शाळा सुटायच्या वेळी, आमच्या विज्ञानाच्या मास्तरांना गावच्या बारवेवर ढकलून पाडलं. पाडणारे देशमुखांचे गडी होते. बघणारे आपण होतो. हे आधी लिहून ठेवतो, कारण गावात आता 'मास्तर आजारानं गेले' असं बोलायला लागलेत.

शिकवताना पायाची काडी फिरवणारे मास्तर तुम्हांला आठवत असतील. डाव्या घोट्यातून नारू, दोऱ्यासारखा लांब जंत, निघत होता. त्याचं पांढरं टोक त्यांनी ज्वारीच्या काडीला गुंडाळलं होतं. हजेरी झाली की रोज काडीला अर्धा वेढा देत. पोरं विचारायची, "मास्तर, आज किती निघाला?"

"दोन बोटं. जल्दी केली की तुटतंय. मंग आतच सडतंय."

आमचं गाव हसनाबादच्या बाजूचं. उन्हाळ्यात कुणी लंगडला तर आम्ही कारण विचारत नाही. देवीचा कोप म्हणतो. मास्तरांनी कोपावर वाद घातला नाही. आम्हांला चिकणमाती आणायला लावली.

वर्गात आम्ही हातभर बारव बांधली, पायऱ्यांसकट. मातीच्या बाहुलीच्या पायाला नीळ फासून तिला शेवटच्या पायरीवर उभी केली. पाणी निळं झालं. मास्तरांनी त्यातलंच भांडं भरून पुढं केलं आणि कोण पितो म्हणून विचारलं. कुणी हललं नाही. मग त्यांनी सांगितलं : नारूचा फोड पाण्यात फुटतो, त्याची पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्याच्या पोटात जातात, तो किडा आपण पितो, आणि वर्षानं नारू बाहेर पडतो. स्वतःच्या पायाकडं बोट दाखवून म्हणाले, "हे मागच्या उन्हाळ्यातलं पाणी."

मग पायऱ्यांच्या तोंडाला मातीची भिंत घातली, वर दोऱ्याच्या रिळाची कप्पी बसवली. बाहुली खाली उतरेना. नवं पाणी नितळ राहिलं.

तीच भिंत आम्ही खऱ्या बारवेवर बांधली. दगड वाहिले, चुना मळला, ओळंबा धरला. कंबरभर उंची आली. आता सगळ्यांनी वरूनच पोहरा सोडायचा. ज्यांना पायरी उतरायची बंदी होती, जे घागर घेऊन वर तिष्ठत बसायचे, त्यांनीसुद्धा. याचा मास्तरांनी गाजावाजा केला नाही.

तो मी केला. नुकता पत्रकं लिहायला शिकलो होतो. कोळशानं भिंतीवर लिहिलं, 'ज्यांचे पाय पाण्यात, त्यांनीच पाणी बाटवलं.' मास्तरांनी वाचलं. म्हणाले, "पूस ते, लेकरा. भिंत तरी वाळू दे."

खरं आहे ते का पुसू, असं मी विचारलं.

"खरंच हाय. म्हणून म्हणतो, हळू ओढ."

मी पुसलं नाही.

सोमवारी गडी पहारी घेऊन आले. देशमुख म्हणाले, "आमच्या पायानं पाणी बाटतं का, मास्तर?"

अक्षर माझं होतं, हे मास्तरांनी सांगितलं नाही. "पाय कुणाचाबी असो, मालक. फोड असला तर पाण्याबाहेर ठेवा." एवढं बोलून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. गड्यांनी त्यांना भिंतीसकट ढकललं तेव्हा पाय दगडांत अडकला. आम्ही त्यांना उचललं. काडी तुटलेल्या नारूसकट तिथंच दगडात राहिली.

पाय मांडीपर्यंत सुजला. बैलगाडीतून जालन्याच्या दवाखान्यात नेलं. परत आणलं ते पोचवायलाच. त्या दिवशी मसणवट्यातून येताना मी बारवेत उतरलो आणि न गाळता पाणी प्यालो. का, ते मला सांगता येत नाही.

परवा माझ्या घोट्यावर फोड आला. आज टोक दिसलं. हे लिहितोय तेव्हा पायाला काडी आहे. ओढून टाकायला हात शिवशिवतात, आणि पाठीमागून कुणी म्हणतं, हळू. मी वळून बघत नाही.

भिंतीचे दगड अजून बारवेच्या तोंडाशी पडलेत. यावेळी मी त्यांवर काही लिहिणार नाही. ज्याच्या पायाला फोड असेल त्यानं माझ्याजवळ वरच बसून चुना मळावा. बाकीच्यांनी येत्या सोमवारी सकाळी, त्या दिवशी जिथं उभं राहून बघत होतात, तिथून चार पावलं पुढं या आणि एक दगड उचला.