आधी चूक, मग चहा

बंब स्टेशनात परत आला की भाऊ हेल्मेट काढून बंपरवर ठेवायचे, हाताची घडी घालायचे आणि म्हणायचे, “आधी चूक, मग चहा.”

तुम्ही लाल गाडी घंटा वाजवत जाताना पाहिली असेल. परत येताना तिच्याकडे कोणी बघत नाही. त्या परत आलेल्या गाडीपाशी आमची पाळी गोल करून उभी राहायची. भाऊ पाळीचे प्रमुख, मी ड्रायव्हर. गोलात सगळ्यात नवा माणूस आधी बोलायचा, भाऊ सगळ्यात शेवटी. कोणी विचारलं तर म्हणायचे, “मी आधी बोललो तर तुम्ही नुसत्या माना डोलावाल. नंदीबैल पाळायला मी काय दारोदार फिरतो का?”

समोरचा चहावाला हे सगळं ओळखून होता. गोल लवकर मोडला नाही की तो पातेलं उतरवून ठेवायचा. त्यामुळे आम्हाला चहा बहुतेक वेळा पुन्हा गरम केलेलाच मिळायचा.

संक्रांतीला मांजात अडकलेला कावळा सोडवून आलो तरी गोल व्हायचाच. एकदा पंचवटीच्या एका बोळात भाऊंनी मोठा बंब घालायला लावला. मी नको म्हणत होतो. दोन्हीकडे लावलेल्या दुचाकी, पुढे भाजीच्या पाट्या. गाडी पुढेही जाईना, मागेही येईना. एका भाजीवाल्या मावशीने भाऊंच्या सात पिढ्या उद्धरल्या. परतल्यावर गोलात भाऊंनी ती शिवी न शिवी, तिच्याच आवाजात, जशीच्या तशी म्हणून दाखवली आणि म्हणाले, “चूक माझी. ड्रायव्हरचं ऐकायला पाहिजे होतं.” इतकं मोकळं हसलेला साहेब मी नंतर पाहिला नाही.

जातानाही त्यांचा असाच एक नेम होता. गाडीतून उतरलं की पाइप सोडायच्या आधी सगळ्यांना जवळ घ्यायचे. आत कोण, बाहेर कोण आणि परत कुठून, एवढंच सांगायचे. “आत कुठून जायचं ते कोणीही सांगतं,” म्हणायचे, “परत कुठून यायचं ते मी सांगतो.” तोवर बघ्यांच्या शिव्या चालू असायच्या. भाऊ ढिम्म.

पिंपळगावकडच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाची गळती झाली त्या दिवशी खात्याचे मोठे साहेब आमच्या आधी पोहोचले होते. द्राक्षांचे टेम्पो रस्त्यात अडकलेले, मोबाइल घेतलेली माणसं, मागे कोणी पुढारी. भाऊंनी सगळ्यांना जवळ घेतलं. आत कोण ते सांगून झालं, बाहेर कोण तेही झालं. तेवढ्यात साहेब ओरडले, “प्रवचन नंतर करा. माणसं आत घाला आधी.”

भाऊ थांबले. माणसं आत गेली.

काशिनाथ आमचा पेठ तालुक्याकडचा जवान, शिडीवर खारीसारखा चढायचा. त्याचा मास्क सरकला आणि तो जवळचं म्हणून मागच्या दाराकडे धावला. दाराला बाहेरून कुलूप होतं. भाऊंनी ते उतरतानाच पाहिलं होतं, तिसऱ्या गोष्टीत तेच सांगायचं होतं. काशिनाथला बाहेर काढलं तेव्हा त्याचा श्वास फाटक्या भात्यासारखा वाजत होता. जीव वाचला. पण आता तो दोन पायऱ्या चढला की कठड्याला धरून उभा राहतो. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, “शेवटचं भाऊंनी काय सांगितलं तेच आठवंना मला. मग कळलं, सांगितलंच नाय.”

त्या दिवशीही गोल झाला. शेवटी भाऊ बोलले. “चूक माझी. साहेबांनी थांबवलं आणि मी थांबलो. एक वाक्य राहिलं होतं. ते म्हणूनच माणसं सोडायला पाहिजे होती.”

चौकशी लागली. साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावून विचारलं, गोलात काय बोलणं झालं? मला बोलावलं नाही, ड्रायव्हरला काय विचारायचं. एकाने सांगितलं. सांगितलं ते खरंच होतं, फक्त अर्धंच. ‘साहेबांनी थांबवलं’ हे गाळून बाकीचं. कोणी सांगितलं ते मला माहीत आहे. आजही आम्ही एका गाडीवर आहोत. मी त्याच्याशी कामापुरतं बोलतो, डबा मात्र त्याच्यासमोर उघडत नाही.

प्रमुखाने चूक स्वतः मान्य केली आहे, असा निकाल आला. भाऊंना पाळीवरून काढून स्टोअरला बसवलं. जुने पाइप, फुटके नळ आणि ते. काही महिन्यांत त्यांनी स्वतःच निवृत्ती मागितली. माझा संताप अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आता मजा ऐका. कामगिरीनंतरची चर्चा हल्ली सक्तीची आहे. मोठ्या साहेबांनीच एका हॉटेलात त्याचं प्रशिक्षण दिलं, पडद्यावर चित्रं दाखवून, वर जेवण. चर्चेचा फोटो ग्रुपवर टाकावा लागतो.

मध्ये पेन्शनच्या कामासाठी भाऊ स्टेशनात आले होते. आम्ही नुकतेच एका गोदामाची आग विझवून परतलो होतो. पाइप कमी पडला होता, दोघं चुकीच्या बाजूने चढले होते, सगळ्यांनी ते पाहिलं होतं. गोल झाला. नव्या प्रमुखांनी विचारलं, “काही चुकलं का?”

“नाही सर.”

“काही सुचवायचं?”

“नाही सर. सगळं ओके.”

फोटो निघाला. समोरून चहा आला, उकळीतून थेट, वाफा निघत होत्या. भाऊंच्याही हातात कोणीतरी ग्लास दिला. ते गोलाकडे बघत होते. मग मला म्हणाले, “चहा फार लवकर आला रे.”

ग्लास त्यांनी बंपरवर ठेवला, हेल्मेट ठेवायचे त्याच जागी, आणि गेले. त्यानंतर ते स्टेशनात आलेले नाहीत.

थोड्या वेळाने घंटा वाजली. चहावर साय धरली होती. मी तो ग्लास उचलून बाजूला ठेवला, सगळे चढले आहेत का पाहिलं आणि गाडी काढली.